सतरावा फर्मा

शहाद्याच्या जुन्या बाजारात अनीस पिंजारी याचे बाइंडिंगचे दुकान आहे आणि त्या दुकानात, शिकंजाच्या पायाशी, झाकण नसलेली एक लाकडी पेटी आहे. दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांतून जी पाने निसटतात आणि जी कोणत्या पुस्तकाची हे ओळखता येत नाही, ती या पेटीत पडतात. अनीसचे वडील त्यांना बेवारस म्हणत. पेटी भरली की ती पाने मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायची, शिकंजात दाबायची, उन्हात वाळवायची, की त्यांचा पुठ्ठा होई. एका पुस्तकाची हरवलेली पाने अशा रीतीने दुसऱ्या पुस्तकाचे अंग झाकत. खळीत चिमूटभर मोरचूद घालावा, म्हणजे वाळवी शिवत नाही, ही वडिलांची पहिली शिकवण. दुसरी अशी, की बाइंडरने आधी उसवावे, मग फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, मोजावेत, मग शिवावे. वाचू मात्र नये. वाचणाऱ्याचे मोजण्याकडे लक्ष राहत नाही.

दुसरी शिकवण अनीसने आयुष्यात एकदाच मोडली. ती का मोडली, हे सांगायचे तर आधी तौहिदविषयी सांगावे लागेल.

तौहिद हा त्याचा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. सुरतेच्या एका रंगाई कारखान्यात मामूंच्या ओळखीने एका माणसाची सोय झाली होती आणि नाव अनीसचे गेले होते. पण दुकानात तौहिदचा जीव रमत नसे. सुईत दोरा ओवून तो हातातच धरून बसे आणि स्टँडवरून एसटी निघाल्याचा आवाज आला की मान वळवून बघे. अनीसने मामूंना सांगितले, माझ्याऐवजी याला न्या. असे करायला त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने स्वतःला कधी त्यागी वगैरे मानले नाही. एकच जागा होती, आणि जो बसून राहू शकतो त्याने बसून राहावे, इतका साधा विचार त्याने केला होता. तौहिद गेला. दोन ईदांना आला, अत्तर आणि छापील कापड घेऊन आला, तिसऱ्या ईदेला आला नाही. मग पत्रेही थांबली.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. कारखाने ओस पडले आणि खानदेशातली माणसे तोंडाला फडकी बांधून, मिळेल त्या गाडीने, परत येऊ लागली. अनीस नऊ दिवस शहाद्याच्या स्टँडवर उभा होता. तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलावरून येणारी प्रत्येक गाडी त्याने पाहिली. फडक्यांमुळे चेहरे ओळखू येत नसत, म्हणून तो उतरणाऱ्यांच्या चालीकडे बघे. काही जण त्याला बघून फडके खाली ओढत आणि मान हलवत. त्यांना तो कुणाला शोधतो हे ठाऊक झाले होते. नवव्या दिवशी त्याच कारखान्यातला एक जण उतरला आणि म्हणाला, तौहिदने वर्षापूर्वीच खोली सोडली. कुठे गेला कुणास ठाऊक. पुढे अनीस दोनदा सुरतेला जाऊन आला, अधूनमधून स्टँडवरही जाऊन उभा राही. हाती काही लागले नाही. मेला असता तर दुःख करता आले असते, रुसला असता तर राग धरता आला असता. या दोन्हींपैकी कशालाच आधार नव्हता.

त्याच हिवाळ्यात म्हसावदच्या वाचनालयाची वाळवी लागलेली पुस्तके दोन पोत्यांत भरून दुकानात आली. त्यांत ‘मिठाचे बेट’ होते. परदेशी भाषेतल्या एका गाजलेल्या साहसकथेचे ते जुने मराठी भाषांतर. मुखपृष्ठ, लेखकाचे नाव, अनुक्रमणिका हे सारे वाळवीने खाल्लेले. नाव कळत होते ते प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापले होते म्हणून. अनीसने फर्मे उसवून ठेवले आणि पहिल्या फर्म्यावर त्याची नजर अडकली. एका जहाजावर दोन खलाशी असतात, एक वयस्क आणि एक तरुण. वयस्काचे परदेशी नाव अनीसच्या जिभेवर बसेना. तो त्याला मनातल्या मनात नाखवा म्हणू लागला. जहाज बुडते, दोघे मिठाच्या ओसाड बेटाला लागतात, खजिन्याचा पत्ता मिळतो, पण पाणी संपत येते आणि सांधलेल्या होडीत एकच माणूस मावेल अशी वेळ येते. नाखवा तरुणाला बसवतो आणि होडी पाण्यात लोटतो.

अनीस प्रत्येक फर्मा वाचत गेला आणि वाचून झालेला शिवत गेला. सोळावा फर्मा संपला तिथे दोनशे छप्पन्नाव्या पानाच्या अगदी तळाशी वाक्य पुरे होत होते: ‘होडी दिसेनाशी झाल्यावर तो वाळूवर बसला आणि वाट पाहू लागला.’ पुढे काही नव्हते. ‘समाप्त’ असेही नव्हते. कोणत्याही बाइंडरच्या मनात येथे शंका यायला हवी होती. अनीसच्या मनात आले ते असे, की हे लिहिणारा माणूस खरे बोलणारा होता. वाट पाहणे कुठे संपते, की त्याखाली समाप्त लिहावे? त्याने शेवटची गाठ मारली, दोऱ्याला मेण लावले. समोर अब्बा, ज्यांची नजर तेव्हा मंदावत चालली होती, पेटीतली पाने एकावर एक चिकटवून त्याच पुस्तकासाठी पुठ्ठा करत होते.

त्या दिवसापासून अनीस स्टँडवर गेला नाही. याचा अर्थ त्याला भावाचा विसर पडला असा नव्हे. आपण जे भोगतो आहोत ते दूरच्या कुण्या देशात, आपले नावही ठाऊक नसलेल्या माणसाने, पूर्वीच जाणले आणि छापून ठेवले आहे, एवढ्यावर त्याचे मन टेकले. जागा देणाऱ्याने मागे राहायचे असते. जो गेला तो परत येत नाही. त्यात कुणाचा गुन्हा नाही. त्याने नईमाशी निकाह केला, दोन मुलींची लग्ने लावली, अब्बांना खांदा दिला, आणि तीस वर्षे या एका वाक्यावर काढली.

पुस्तक मात्र म्हसावदला होते. दोन-तीन वर्षांनी वाचनालयाचा गठ्ठा दुरुस्तीला आला की त्यात ते असो वा नसो, अनीस गठ्ठा पोचवायला स्वतः जाई आणि कपाटातून ते काढून बघे. वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तो एक कोरे पान जोडत असे. वाचक समासात शेरे लिहून पाने खराब करतात, त्यापेक्षा त्यांना लिहायला जागा द्यावी, अशी त्याची युक्ती. ‘मिठाचे बेट’च्या शेऱ्यांच्या पानावर तीस वर्षांत फारसे कुणी लिहिले नव्हते. ‘चांगले आहे.’ ‘भूगोलासाठी उपयुक्त.’ आणि एका निवृत्त तलाठ्याच्या वळणदार अक्षरात: ‘शेवट मनाला लागतो.’ हा तलाठी कोण हे अनीसने कधी विचारले नाही. पण आपण जगात एकटे नाही, एवढे त्या ओळीवरून कळणे त्याला पुरेसे होते.

मग दोन वर्षांपूर्वी त्या कादंबरीवर परदेशात सिनेमा निघाला. हिंदीत आवाज भरून तो आधी टीव्हीवर आला आणि मग सर्वांच्या मोबाईलमध्ये. म्हसावदची भूमिका पाटील ही शहाद्याच्या महाविद्यालयात एम.ए. करत होती आणि वाचनालयाचे काम हौसेने बघत होती. तिला वाटले, वाचक आणण्याची ही संधी आहे. वाचन प्रेरणा दिनाला तिने वाचनालयाच्या वरच्या खोलीत पडदा लावून सिनेमा दाखवला आणि शेवटी ‘मिठाचे बेट’ हातात उंच धरून सांगितले, की हे मूळ आहे. जे पडद्यावर मावले नाही ते सगळे यात आहे. चौतीस जणांनी पुस्तकासाठी नावे लिहून दिली. वाचनालयाच्या आठवणीत कोणत्याही पुस्तकासाठी असे कधी झाले नव्हते.

अनीस त्या दिवशी तिथेच होता, गठ्ठा पोचवायला आलेला. त्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. शेवटी क्षितिजावर एक शीड दिसते, तरुण परत आलेला असतो, दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहतात. एक शब्द नाही. खोलीत लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. अनीसने टाळी वाजवली नाही. जिना उतरताना तो भूमिकेला एवढेच म्हणाला, की बेटी, हे यांनी मनाने जोडले आहे. पुस्तकात तो येत नाही.

आठ महिन्यांत शेऱ्यांचे पान भरत आले. ‘जहाज बुडायला सत्तर पाने लागतात. सिनेमात दहा मिनिटांत बुडते.’ ‘वादळ वाचताना झोप आली.’ ‘मिठाचे वर्णन अति. बेट आहे की आगर?’ ‘सिनेमा पाहिला असेल तर पुस्तकात वेळ घालवू नये.’ ‘हिरोला तिथेच सोडून दिले. लेखकाला कंटाळा आला असावा.’ आणि सगळ्यांत खाली, तोरणमाळच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या रामसिंग पावराने, जो बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलून नेत असे, सरकारी कागदावर लिहावे तसे लिहिले होते: ‘याला शेवट नाही. तपासावे.’

वाचनालयाचे चिटणीस अमृत पाटील. केळीची मोठी शेती, बोलणे थेट, मनाने वाईट नव्हे. निर्लेखनाची, म्हणजे जी पुस्तके दप्तरातून कायमची कमी करून रद्दीला घालायची त्यांची, यादी करताना त्यांनी ‘मिठाचे बेट’ पहिल्याच पानावर घेतले. गठ्ठा न्यायला आलेल्या अनीसला ती यादी दिसली. त्याने विचारले, की तीस वर्षे कुणी न उघडलेली पुस्तके तुम्ही ठेवता आणि ज्याला चौतीस माणसांनी हात लावला ते काढता?

“अनीसभाई, चौतीस जणस्नी वाचं म्हणीसनच काढी ऱ्हायनू,” अमृतभाई हसून अहिराणीत म्हणाले. “कोणी वाचं नसतं ते पडी ऱ्हातं बिचारं.”

अनीस हसला नाही. त्याने मागितले ते एवढेच: निर्णय करण्यापूर्वी एकदा सगळ्यांसमोर बोलू द्या. भूमिकेने ही कल्पना उचलून धरली आणि ‘पुस्तक की पडदा?’ अशा नावाची बैठक ठरवली.

बैठकीला वीस-बावीस माणसे होती. आधी इतरांनी आपापली निराशा सांगितली आणि ती प्रामाणिक होती. त्यांना कुणी फसवल्यासारखे वाटत होते. मूळ म्हणजे अधिक, असे त्यांना सांगितले गेले होते आणि हाती आले ते कमी होते. अनीस उभा राहिला तेव्हा त्याचे हात खळीने पांढरे होते, कारण तो दुकानातून तसाच उठून आला होता. त्याने पुस्तकाची गोष्ट सांगितली, नाखवा का मागे राहतो ते सांगितले. मागून कुणीतरी म्हणाले, “चाचा, तुम्हना नाखवाले एक मोबाईल दी देवाना व्हता,” आणि खोली हसली. हसणे थांबेपर्यंत तो थांबला. मग रामसिंगच्या शेऱ्यावर बोट ठेवून, रामसिंग पुढेच बसला आहे हे माहीत असताना, तो म्हणाला की ज्याला हा शेवट दिसत नाही त्याने चुलीपाशीच बसावे, पुस्तकापाशी येऊ नये. रामसिंगने मान खाली घातली. अनीसच्या आयुष्यात दुसऱ्याला असे बोलण्याचा प्रसंग आला नव्हता. त्या दिवशी तो आला आणि त्याला त्याचे काही वाटले नाही.

“पिक्चरमा तो परत येस,” तो पुढे म्हणाला. “पुस्तकमा येत नही. जेस्ना माणसं परत येतस तेस्ले पिक्चर पुरी जास. बाकीनास्नी कोठे जावानं?”

अमृतभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. प्लेगच्या वर्षी ते कॉलेजला शहाद्यात होते. स्टँडवर नऊ दिवस उभा असलेला माणूस त्यांनी पाहिला होता. बाकीच्यांना कळले नसेल, पण एवढे कळले की येथे पुस्तकापेक्षा मोठे काहीतरी बोलले गेले आहे. ठरले असे, की पुस्तक पुढच्या मासिक सभेपर्यंत यादीबाहेर ठेवायचे. अनीसने ते नव्याने बांधून आणायचे. आणि भूमिकेने त्यावर एक छोटी चिठ्ठी लिहून कपाटावर लावायची, की या पुस्तकाचा शेवट सिनेमाहून वेगळा आहे. परतताना अनीसला कित्येक वर्षांत प्रथमच असे वाटले, की तौहिदविषयी तो कुणाशी तरी बोलला.

चार दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, त्याने पुस्तक हातात घेतले. नईमा दाराशी बसून रद्दीतले दोरे सोडवत होती. पुठ्ठ्याचा एक कोपरा फुटून त्याचे थर सुटले होते. अनीसने नखाने एक थर उचलला आणि आतल्या कागदाच्या माथ्यावर त्याला अक्षरे दिसली: ‘मिठाचे बेट’.

पहिल्यांदा तो काही समजला नाही. त्याला वाटले, वरचेच पान चिकटले असेल. मग त्याने दोन्ही पुठ्ठे कापून काढले, परातीत कोमट पाणी घेतले आणि ते त्यात सोडले. खळ हळूहळू विरघळली. मोरचुदाने तीस वर्षे राखलेली पाने एकेक करून वेगळी झाली. पुढच्या पुठ्ठ्यातून दोन निघाली, मागच्यातून दोन. दोनशे सत्तावन्न ते दोनशे चौसष्ट. पहिल्या पानाच्या तळाशी, कोपरा गेलेला असला तरी, फर्म्याचा आकडा अर्धा वाचता येत होता. सतरा. छोटा फर्मा, चार पानांचा, म्हणजे आठ पृष्ठांचा, जसा पुस्तकाच्या शेवटी कधी कधी असतो.

अब्बांचा यात दोष नव्हता. त्यांना पेटीत जे मिळाले ते त्यांनी चिकटवले; माथ्यावरचे नाव त्यांच्या मंदावलेल्या नजरेला दिसले नसावे. मोजण्याचे काम अनीसचे होते, आणि त्याने ते केले असते तर सतरावा फर्मा सुटा झाला आहे हे त्याला कळले असते, पेटीत हात घालून त्याने तो शोधून काढला असता. नईमा उठून आली. दोरीवर वाळत घातलेली पाने आणि त्यांवरचे आकडे तिने पाहिले. बाइंडरच्या घरात इतकी वर्षे काढलेल्या बाईला आणखी सांगावे लागले नाही.

“गिने नहीं थे क्या?” तिने विचारले.

त्याने नकाराची मान हलवली.

पाने वाळल्यावर त्याने वाचली. दोनशे सत्तावन्नावे पान ‘अकरा महिने लोटले’ अशा शब्दांनी सुरू होत होते. तरुण मोठे जहाज घेऊन परत येतो. उतरल्या उतरल्या तो दीड पान भाषण करतो. कृतज्ञता, मैत्री, ईश्वराची योजना. नाखवा त्याला अर्धे पान उत्तर देतो. खजिना सापडतो, तो चार ओळींत मोजलाही जातो. तरुणाच्या बहिणीशी नाखव्याचे लग्न लागते, ज्या बहिणीचा पुस्तकात याआधी कुठेही उल्लेख नाही. शेवटी ‘समाप्त’, आणि त्याखाली छापखान्यातले एक लहानसे फूल.

सिनेमावाल्यांनी काही जोडले नव्हते. त्यांनी उलट गाळले होते. भाषण, लग्न, ईश्वराची योजना. त्यांनी फक्त शीड ठेवले होते आणि दोन माणसांचे पाहणे ठेवले होते. अनीसला हे मान्य करणे फार जड गेले, परंतु त्याने ते मनाशी मान्य केले, की ज्यांनी सिनेमा चांगला म्हटला त्यांना चांगले कळत होते.

ती चार पाने तीन दिवस दोरीवर राहिली. त्यांना पेटीत परत टाकणे सोपे होते. अमृतभाईंचे मन वळले होते, भूमिकेची चिठ्ठी लिहून झाली होती. नवा पुठ्ठा चढवला की पुस्तक कपाटात गेले असते आणि कुणी कधी काही विचारले नसते. नईमाने त्या तीन दिवसांत विषय काढला नाही. तिलाही तेच हवे होते, हे तिच्या न बोलण्यावरून त्याला कळत होते. पण पाने पेटीत टाकली तरी जे गेले होते ते परत येणार नव्हते. त्याला तीस वर्षे धीर दिला होता तो या गोष्टीने, की दुसऱ्या कुणीतरी, त्याला न ओळखता, हे जाणले होते. आता त्याला कळले, की तसे कुणीही जाणले नव्हते. ज्या शेवटावर तो टेकून होता तो त्याने स्वतः, मोजायला विसरून, शिवला होता. लेखकाच्या जगात माणसे परत येत होती, अकरा महिन्यांत येत होती. तेव्हा न येणे हा काही जगाचा नियम नव्हता. ते केवळ तौहिदचे न येणे होते.

चौथ्या दिवशी त्याने सतरा फर्मे मोजले, दोनदा मोजले, आणि सतरा शिवले. शेऱ्यांचे जुने पानही जागच्या जागी जोडले. पुठ्ठा त्याने या वेळी विकतचा वापरला.

मासिक सभेत त्याने पुस्तक टेबलावर ठेवले आणि काय झाले ते थोडक्यात सांगितले. चूक माझी, असे दोनदा सांगितले. भूमिकेने शेवटची आठ पृष्ठे मोठ्याने वाचली. भाषणापाशी तिचा आवाज मंदावला, बहिणीच्या लग्नापाशी एक सभासद हसला आणि त्याने हसणे खोकल्यात लपवले. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटले आणि कपाटावर लावायला आणलेली चिठ्ठी पर्समध्ये परत ठेवली.

“चाचा,” ती म्हणाली, “तुम्ही सांगितलेलंच पुस्तक चांगलं होतं.”

ती हे प्रेमाने म्हणाली. त्यातले त्याला काय लागले असेल हे तिला ठाऊक नव्हते.

अमृतभाईंना बरे वाटल्याचे दिसत होते. एक अवघड गोष्ट आपोआप सुटली होती. “मंग ते पिक्चरसारखंच शे,” ते म्हणाले. “आते कसाले ठेवानं?” कुणी विरोध केला नाही. अनीसनेही केला नाही. त्याच्याजवळ बोलायला बाजूच उरली नव्हती. पहिल्या पानावर निर्लेखनाचा शिक्का पडला. अमृतभाईंनी पुस्तक रद्दीच्या पोत्यात न टाकता त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, तुमच्याकडे राहू द्या, तुम्ही इतकी मेहनत केली. त्यांनी जिन्यापर्यंत सोबत केली. स्टँडच्या दिवसांविषयी त्यांना काही बोलायचे असावे, पण ते केळीवरच्या करपा रोगाविषयी बोलले.

म्हसावदच्या फाट्यावर तोरणमाळहून उतरणारी एसटी यायला वेळ होता. बाजाराचा दिवस होता. समोरच्या हॉटेलात रामसिंग पिशवी मांडीवर घेऊन चहा पीत होता. अनीसने त्याला पाहिले, रामसिंगनेही पाहिले आणि लगेच नजर फिरवली. रस्ता ओलांडून जावे, एवढेच अंतर होते. गाडी आली, आणि अनीस गाडीत चढला.

घरी नईमाने पाणी दिले. त्याच्या काखेतले पुस्तक पाहून तिला निकाल कळला. ती त्याच्यासमोर बसली आणि तिच्या तीस वर्षांच्या संसारात तिने जे कधी विचारले नव्हते, ते तिने पुस्तकाच्या आडून विचारले.

“तो आया वो, आखिर में?”

“किताब में आया,” अनीस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने शाळेच्या हजेरीपटांचे काम पुढे घेतले. त्याआधी ‘मिठाचे बेट’ उघडून तो शेऱ्यांच्या पानावर गेला. रामसिंगच्या ओळीखाली दोन बोटे जागा शिल्लक होती. बिलावर सही करायच्या पेनने, रामसिंगने लिहिले होते तशाच सरकारी वळणाने, त्याने लिहिले, ‘तपासले’, आणि खाली नाव व तारीख घातली. शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडे ठेवले. मग ते मिटून, शिकंजाच्या पायाशी, पेटीत टाकले.